टर्बियम भरपूर, फिरकी शून्य: शिशाच्या एका काचेचं प्रकरण

१०६४ नॅनोमीटरच्या लेसरसाठी ऑप्टिकल आयसोलेटर बनवायचा होता. लेसरमधून निघालेला प्रकाश समोरच्या एखाद्या पृष्ठभागावरून उलटून पुन्हा लेसरमध्ये शिरला तर लेसर अस्थिर होतो, कधी कायमचा बिघडतो. आयसोलेटर प्रकाशाला पुढे सोडतो आणि परत येताना अडवतो. त्याच्या पोटात एक पारदर्शक दांडी असते, भोवती कायम चुंबक, आणि दोन्ही टोकांना ध्रुवक, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा (ध्रुवित) प्रकाश तेवढा सोडणारे गाळणे. दांडीतून जाताना ध्रुवित प्रकाशाचं प्रतल ४५ अंश फिरलं पाहिजे. या कामासाठी टर्बियम गॅलियम गार्नेटचे स्फटिक सर्रास वापरले जातात. इथे मात्र काच हवी होती, कारण ती मोठ्या आकारात ओतता येते, पाहिजे त्या मापात कापता येते आणि वेळ पडली तर तिचा तंतूही ओढता येतो.

काम करणाऱ्या गटाचा हिशेब सरळ होता. शिशाची जड काच मुळातच प्रतल बऱ्यापैकी फिरवते. टर्बियम या दुर्मिळ मृदा धातूचे आयन तर या बाबतीत सगळ्यांत पुढे. मग शिशाच्या काचेत टर्बियम मिसळलं की दोन्हींची बेरीज मिळेल. मिश्रण तयार झालं, हवेतच वितळवलं, साच्यात ओतलं, सावकाश थंड केलं. तपकिरी झाक असलेली, बुडबुडे नसलेली देखणी काच निघाली. तिचा ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा कापून, घासून चुंबकात ठेवला आणि हाताशी असलेल्या ६३२.८ नॅनोमीटरच्या हेलियम-निऑन लेसरने तपासला. प्रतल जवळपास हललंच नाही. शिवाय वाचन सकाळी किंचित उणे येई, दुपारी किंचित अधिक.

पुढचे आकडे कुठल्या एका प्रयोगवहीतून उतरवलेले नाहीत. ज्ञात मूल्यांवरून बसवून, वाचता वाचता पडताळता यावेत म्हणून ते गोल केले आहेत. प्रकरणाचा सांगाडा मात्र खरा आहे. जड यजमान काच (जिच्यात दुसरा पदार्थ मिसळतात ती) आणि समचुंबकीय (स्वतःचं चुंबकीय परिबल असलेला) आयन एकत्र आणणाऱ्या कुणालाही या गणितातून जावंच लागतं.

फिरवतं कोण

१३ सप्टेंबर १८४५ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने चुंबकाचा प्रकाशावरचा परिणाम पहिल्यांदा पाहिला. त्याच दिवशी आधी तपासलेल्या पदार्थांत काही दिसलं नव्हतं. दिसलं ते एका जड काचेत. ती काच शिशाची, बोरोसिलिकेट जातीची होती. प्रकाशीय काच सुधारण्याच्या कामात फॅरडेनेच ती काही वर्षांपूर्वी बनवली होती. पुढे १८५४ पासून एमिल व्हर्डेने पद्धतशीर मोजमापं केली आणि प्रतल किती फिरेल हे चुंबकीय क्षेत्र आणि काचेतली वाट या दोघांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतं हे दाखवलं. त्या प्रमाणाला आज व्हर्डे स्थिरांक म्हणतात. त्याचं एकक रेडियन प्रति टेस्ला प्रति मीटर. इथून पुढे स्थिरांकाचा नुसता आकडा आला की एकक हेच धरावं.

व्हर्डेनेच आणखी एक गोष्ट नोंदवली होती. लोहाच्या काही क्षारांची द्रावणं प्रतल उलट दिशेने फिरवतात. आपल्या प्रकरणाची किल्ली या नोंदीत आहे.

फिरवण्याच्या यंत्रणा दोन. पहिली प्रत्येक पदार्थात असते. क्षेत्र लागलं की इलेक्ट्रॉनांच्या संक्रमणांच्या ऊर्जा डाव्या आणि उजव्या वर्तुळी ध्रुवित प्रकाशासाठी थोड्या वेगवेगळ्या होतात. त्यामुळे दोन्ही वर्तुळी घटकांना काचेचा अपवर्तनांक किंचित वेगळा भासतो, एक घटक मागे पडतो आणि दोन्ही मिळून बनलेलं प्रतल वळतं. ही प्रतिचुंबकीय फिरकी. आंरी बेक्वेरेलने १८९७ मध्ये तिला अपस्करणाशी जोडलं: तरंगलांबीनुसार अपवर्तनांक जितका झपाट्याने बदलतो तितकी फिरकी मोठी. शिशाच्या आयनाचा इलेक्ट्रॉनी ढग सैल असल्याने त्या काचेचं अपस्करण मोठं, म्हणून फिरकीही मोठी. ६३२.८ नॅनोमीटरला शुद्ध सिलिकाचा व्हर्डे स्थिरांक ४ च्या आसपास, तर जड शिशाच्या काचेचा सुमारे २०. रूढ संकेतानुसार दोन्ही धन. तापमानाचा तिच्यावर परिणाम नगण्य, एका केल्विनला दहा हजारांत एखादा भाग.

दुसरी यंत्रणा फक्त ज्यांच्याकडे स्वतःचं चुंबकीय परिबल आहे, म्हणजे जे स्वतःच छोट्या चुंबकासारखे वागतात, अशा आयनांची. ही समचुंबकीय फिरकी. त्यांची मूळ ऊर्जापातळी क्षेत्रात अनेक उपपातळ्यांत विभागली जाते आणि खालच्या उपपातळ्यांत आयनांची गर्दी जास्त होते. टर्बियममध्ये ४एफ कवचातून ५डी कवचाकडे होणारी, अतिनील भागातली जोरकस संक्रमणं या असमान गर्दीमुळे डाव्या आणि उजव्या वर्तुळी प्रकाशाला असमान प्रतिसाद देतात. गर्दीतला हा फरक क्षेत्राच्या समप्रमाणात आणि निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो. व्हॅन व्हेक आणि हेब यांनी १९३४ मध्ये याचं सूत्र मांडलं. त्यात फिरकी आयनांच्या चुंबकीय ग्रहणशीलतेच्या (क्षेत्राला ते किती दाद देतात त्या मापाच्या) प्रमाणात येते आणि छेदात तरंगलांबीचा वर्ग वजा संक्रमणाच्या तरंगलांबीचा वर्ग असतो. टर्बियमसाठी ही संक्रमण तरंगलांबी २२० नॅनोमीटरच्या आसपास धरतात. आणि टर्बियमच्या फिरकीचं चिन्ह ऋण.

म्हणजे गटाने केलेली बेरीज प्रत्यक्षात वजाबाकी होती. यात त्यांचा सगळा दोष नाही. उत्पादनांच्या पुष्कळ तक्त्यांत व्हर्डे स्थिरांकाचं नुसतं परिमाण छापतात, चिन्ह गाळतात. एकट्या दांडीचा आयसोलेटर करणाऱ्याला चिन्हाने फारसं बिघडत नाही, कारण चुंबक उलटा बसवला की झालं. दोन फिरक्या एकाच काचेत आणणाऱ्याला मात्र चिन्हावाचून पाऊल टाकता येत नाही.

टर्बियमच का

इथे एक वळसा घेतो, कारण आयन बदलून हे प्रकरण सुटलं असतं का, हा प्रश्न कुणीही विचारेल.

परिबल पाहिलं तर डिस्प्रोशियम आणि होल्मियम टर्बियमच्याही पुढे आहेत. दोघांचं परिबल सुमारे १०.६ बोर मॅग्नेटॉन, टर्बियमचं ९.७. पण त्यांच्या ४एफ कवचातल्या अंतर्गत संक्रमणांमुळे दृश्य आणि जवळच्या अवरक्त भागात शोषणाचे पट्टे विखुरलेले असतात. डिस्प्रोशियमचा १.१ मायक्रोमीटरच्या आसपासचा पट्टा तर १०६४ च्या अगदी शेजारी येतो. टर्बियमचं दृश्य भागातलं ठळक शोषण ४८५ नॅनोमीटरला, आणि त्यानंतर अवरक्तात बऱ्याच पुढपर्यंत मोकळी वाट. लेसरच्या कामात ही मोकळी वाट परिबलाच्या दशांशापेक्षा मोलाची.

गॅडोलिनियमचं उदाहरण जास्त बोलकं आहे. परिबल ७.९, म्हणजे टर्बियमच्या फार मागे नाही. रंगहीन, दृश्य भागात शोषण नाही. तरी त्याची समचुंबकीय फिरकी अगदी क्षीण. त्याच्या अर्ध्या भरलेल्या ४एफ कवचाचा कक्षीय कोनीय संवेग शून्य असतो, सगळं परिबल स्पिनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या स्वतःच्या परिवलनाचं. शिवाय त्याचं ४एफ–५डी संक्रमण अतिनीलात फार दूर. याउलट प्रासिओडायमियमचं परिबल जेमतेम ३.६, तरी त्याची काच त्या मानाने बरीच जास्त फिरवते. सिरियमचं संक्रमण दृश्य भागाच्या इतकं जवळ येतं की फिरकी वाढते, पण निळा प्रकाशही गिळला जातो. आयन चुंबकाला किती जुमानतो आणि तो प्रकाशाला किती फिरवतो या दोन गोष्टी एकच समजू नयेत. पुढे याच फरकाचा आपल्याला उपयोग होणार आहे.

लोह, मँगनीज, कोबाल्ट यांच्याबद्दल दोनच वाक्यं. त्यांचे ३डी इलेक्ट्रॉन बाहेर उघडे असतात, त्यामुळे आजूबाजूच्या ऑक्सिजनांची मांडणी बदलली की शोषण आणि फिरकी दोन्ही बदलतात, आणि काच रंगीत होते. १०६४ च्या दांडीसाठी त्यांचा विचार करण्यात अर्थ नव्हता.

रंग बदलून पाहिला

शून्याजवळचं वाचन पाहून पहिली सूचना आली ती तरंगलांबी बदलण्याची. दोन यंत्रणा वेगळ्या, त्यांची सूत्रं वेगळी, तेव्हा ६३२.८ ला जुळलेली वजाबाकी १०६४ ला मोडेल अशी आशा. तर्क वाजवी आहे. गणित मात्र साथ देत नाही.

यजमान काचेच्या अपस्करणासाठी १८० नॅनोमीटरचा एकच प्रभावी अनुनाद (जिथे प्रकाश सर्वांत जोरात शोषला जातो ती तरंगलांबी) धरू आणि टर्बियमसाठी २२० चा. ६३२.८ वरून १०६४ वर गेलं की प्रतिचुंबकीय भाग ०.३२ पट होतो, समचुंबकीय भाग ०.३२५ पट. ४५० ला आलं तर अनुक्रमे २.४ आणि २.३ पट. दोन्ही वक्र हातात हात घालून चालतात. दोघांचे अनुनाद अतिनीलात, एकमेकांपासून फार लांब नाहीत, आणि आपण दोघांनाही दुरून पाहतो आहोत. त्यामुळे ६३२.८ ला अधिक २० आणि उणे २१ अशी रस्सीखेच असेल, तर १०६४ ला ती अधिक ६.३ आणि उणे ६.८ च्या आसपास राहते. निव्वळ फिरकी उणे अर्धा. ज्या तरंगलांबीसाठी काच केली तिथेही ती निकामीच.

या मापनातून मूळ प्रश्नाचं उत्तरही निघत नाही. निव्वळ फिरकी जवळपास शून्य असण्याची दोन कारणं संभवतात. एक, दोन मोठ्या फिरक्या एकमेकींना खात आहेत. दोन, टर्बियम काचेत नीट उतरलेलंच नाही आणि शिशाच्या काचेचाही कुठेतरी घोळ आहे. तरंगलांबीच्या वक्रावरून यातलं खरं कोणतं ते ओळखणं कठीण, कारण दोन्ही घटकांचे वक्र सारखेच दिसतात.

तापमानाने गाठ सुटते

वेगळेपण आहे ते तापमानात. प्रतिचुंबकीय भाग जागचा हलत नाही, समचुंबकीय भाग तापमान उतरेल तसा चढतो. म्हणून व्हर्डे स्थिरांक तापमानाच्या व्यस्तांकासमोर आलेखात मांडायचा. सरळ रेषा मिळते. तिचा उतार टर्बियमचा, आणि व्यस्तांक शून्य असतो तिथे ती उभा अक्ष जिथे छेदते ते मूल्य यजमान काचेचं.

२९३ केल्विनला निव्वळ उणे १. तुकडा द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, ७७ केल्विनला नेला की उणे ६०. एक टेस्लाच्या क्षेत्रात ५ मिलिमीटरच्या तुकड्यासाठी हे १७ अंश होतात. खोलीच्या तापमानाला याच तुकड्याने एका अंशाचा तिसरा हिस्साही फिरवला नव्हता. दोन बिंदूंमधून रेषा काढली तर उतार सुमारे ६१५० आणि छेद अधिक २०. म्हणजे यजमान शिशाची काच जशी असायला हवी तशीच आहे, आणि टर्बियमचा वाटा २९३ केल्विनला उणे २१. काच निरोगी आहे, तिच्यात दोन भरभक्कम फिरक्या आहेत, आणि त्या एकमेकींना जवळजवळ पुरत्या खाऊन टाकतात. मध्ये १५० आणि २०० केल्विनला अनुक्रमे उणे २१ आणि उणे ११ मिळाले तर रेषेवर भरवसा ठेवायचा. दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते, त्यामुळे हे मधले बिंदू आळसाने वगळू नयेत.

द्रव हेलियमच्या तापमानाला जाण्याचा मोह इथे टाळलेला बरा. ४ केल्विन आणि एक टेस्लाला टर्बियमच्या परिबलाची चुंबकीय ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या वर जाते, आयन संपृक्तीकडे झुकतात, आणि फिरकी क्षेत्राच्या प्रमाणात राहत नाही. शिवाय यजमान काचेतल्या विद्युत क्षेत्राने टर्बियमच्या पातळ्या आधीच थोड्या फाकवलेल्या असतात, तो परिणामही तिथे डोकं वर काढतो. ७७ केल्विनपर्यंत सरळ रेषा पुरेशी प्रामाणिक असते.

सकाळ-दुपारचं कोडंही याच रेषेत सुटतं. ६१५० भागिले २० म्हणजे ३०८ केल्विन, साधारण ३५ अंश सेल्सिअस. त्या तापमानाला दोन्ही फिरक्या समसमान होतात आणि त्यापुढे निव्वळ चिन्ह उलटतं. विद्युतचुंबकाची वेटोळी दिवसभर चालून तापतात आणि धारकातला तुकडा हळूहळू गरम होतो. पण दुपारी तुकडा ३०३ केल्विनलाच होता. मग चिन्ह आधीच कसं उलटलं?

याचं उत्तर क्रायोस्टॅटच्या, म्हणजे नमुना थंड करण्याच्या बंद पेटीच्या, खिडक्यांत आहे. पुढच्या सगळ्या मापनांसाठी तुकडा सुरुवातीपासूनच क्रायोस्टॅटमध्ये बसवला होता. प्रत्येकी २ मिलिमीटरच्या दोन सिलिका खिडक्या, तिथे पोचणारं क्षेत्र सुमारे ०.३ टेस्ला. ४ गुणिले ०.००४ गुणिले ०.३ म्हणजे ०.००४८ रेडियन, ०.२८ अंश, तेही अधिक दिशेने. तुकड्याची सकाळची फिरकी उणे ०.२९ अंश. बेरीज जवळपास शून्य, किंचित उणे. ३०३ केल्विनला तुकडा उणे ०.०९ वर येतो, खिडक्या तेवढ्याच राहतात, बेरीज अधिक ०.१९.

एरवी कुणी खिडक्यांकडे लक्ष देत नाही, कारण १७ अंशांच्या फिरकीत पाव अंशाने काय होतं. फिरकी शून्याजवळ असली की खिडकीही नमुन्याइतकीच बोलते. क्षेत्र उलटं करून दोन वाचनांच्या फरकाचं निम्मं घ्यायची चांगली सवय असते. तिने ध्रुवकांचा तिरकेपणा आणि ताणामुळे आलेली द्विअपवर्तनाची (दोन दिशांना वेगळा अपवर्तनांक असण्याची) भेसळ जाते, पण खिडकीची फिरकी जात नाही, कारण तीही क्षेत्राबरोबर उलटते. तिच्यासाठी नमुना काढून, त्याच क्षेत्राच्या मांडणीत रिकामं वाचन घ्यावंच लागतं. चिन्हाची खात्री करायला सिलिकाची साधी दांडी ठेवून पाहावी. ती नक्की धन, तेव्हा विश्लेषक, म्हणजे शेवटचा ध्रुवक, कोणत्या बाजूला फिरवावा लागतो यावरून आपल्या मांडणीतलं अधिक कोणतं ते कळतं.

तपकिरी रंगाची साक्ष

माझ्या मते प्रकरणाचा कस इथे लागतो. वजाबाकी समजली म्हणून काही जण इथेच थांबतील आणि टर्बियम वाढवा असं सांगतील. मूळ मिश्रणात टर्बियम किती होतं ते पाहू. दर घन सेंटीमीटरला २.४ गुणिले १० चा २१वा घात इतके आयन, वजनाने ऑक्साइडच्या रूपात सुमारे १३ टक्के. टर्बियम गॅलियम गार्नेटमध्ये याच्या पाचपटीहून अधिक आयन असतात, १२.७ गुणिले १० चा २१वा घात, आणि ६३२.८ ला त्याचा व्हर्डे स्थिरांक उणे १३४. या प्रमाणात आपल्या काचेतल्या टर्बियमने उणे २५ द्यायला हवे होते. गार्नेटच्या स्वतःच्या प्रतिचुंबकीय भागाची दुरुस्ती केली तर आणखी थोडं जास्त. मिळाले २१. गार्नेट आणि जड शिशाची काच यांचे अपवर्तनांक एकमेकांपासून फार दूर नसल्याने ही तुलना अगदीच गैर नाही. पाचव्या-सहाव्या हिश्श्याचं टर्बियम हजर असून कामावर नाही.

संशयित समोरच आहे. टर्बियमचं बाजारात मिळणारं ऑक्साइड गडद तपकिरी असतं, कारण त्यात ढोबळमानाने निम्मं टर्बियम त्रिसंयुजी आणि निम्मं चतुःसंयुजी असतं. हवेत वितळवलं की चतुःसंयुजीचा काही भाग काचेत तसाच उरतो. यजमान जितका क्षारधर्मी तितकी वरची संयुजा टिकून राहते, आणि शिशाचं भरपूर ऑक्साइड असलेला रस चांगलाच क्षारधर्मी असतो. काचेचा तपकिरी रंग त्याचाच.

चतुःसंयुजी टर्बियमची इलेक्ट्रॉन-रचना अगदी गॅडोलिनियमसारखी. ४एफ कवच अर्धं भरलेलं, कक्षीय संवेग शून्य. म्हणजे चुंबकाला तो चांगला प्रतिसाद देतो, पण प्रकाश फिरवण्यात त्रिसंयुजीची जागा भरून काढत नाही. वर त्याचा रुंद शोषणपट्टा अतिनीलापासून दृश्य भागात शेपूट सोडतो.

याची पडताळणी मॅग्नेटोमीटरवर करता येते. ग्रहणशीलता परिबलाच्या वर्गावर अवलंबून असते. त्रिसंयुजीचा वर्ग ९४, चतुःसंयुजीचा ६३. समजा पाचवा हिस्सा चतुःसंयुजी झाला, तर ग्रहणशीलता जेमतेम ७ टक्क्यांनी उतरते, फिरकी मात्र साधारण २० टक्क्यांनी. दोन्हींची घसरण सारखी निघाली तर टर्बियम मुळातच कमी पडलं, तोलताना किंवा मुशीच्या तळाशी. फिरकी जास्त घसरली आणि ग्रहणशीलता थोडीच, तर संयुजेचा दोष. मात्र ग्रहणशीलतेतून यजमानाचा ऋण भाग आधी वजा करायला हवा. जड काचेत तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. क्ष-किरण शोषणाची सोय असेल तर टर्बियमच्या एल-३ कडेवर, साडेसात किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ, दोन्ही संयुजांची शिखरं वेगळी दिसतात आणि वाद मिटतो. पण मॅग्नेटोमीटर आणि द्रव नायट्रोजन एवढ्यावर बहुतेक निर्णय होतात.

आता उपाय. टर्बियम त्रिसंयुजी ठेवायचं तर क्षपणकारी (ऑक्सिजन काढून घेणाऱ्या) वातावरणात वितळवायला हवं, आर्गॉनमध्ये थोडा हायड्रोजन किंवा मिश्रणात थोडा कार्बन. तेच वातावरण शिशाच्या ऑक्साइडचं धातूत रूपांतर करतं. काच काळवंडते, आणि मूस प्लॅटिनमची असेल तर वितळलेलं शिसं प्लॅटिनमशी मिश्रधातू करून तिला भोक पाडतं. शिशाला हवा लागते, टर्बियमला हवा चालत नाही. बिस्मथ घेतला तर अडचण आणखी वाढते, कारण तो शिशापेक्षाही सहज धातू होतो. टर्बियम वाढवून वजाबाकी एका बाजूला झुकवता येईल, पण प्रत्येक वाढीबरोबर तपकिरी रंगही वाढेल आणि लेसरच्या वाटेवरची काच तापेल. ही जोडी भट्टीतच जमत नाही, मग चुंबकात कशी जमेल.

पुढची काच

यजमान बदलणं हाच मार्ग. अल्युमिना-बोरेट-सिलिकेट किंवा फॉस्फेट जातीची हलकी काच घेतली की प्रतिचुंबकीय भाग ४-५ वर येतो आणि क्षपणकारी भट्टी वापरता येते. फॉस्फेटमध्ये एक आयती सोय आहे. अमोनियमयुक्त फॉस्फेट कच्चा माल म्हणून घेतलं तर तापताना सुटणारा अमोनिया स्वतःच सौम्य क्षपण करतो. फॉस्फेटची दमट हवेतली टिकाऊपणाची अडचण मात्र लक्षात ठेवावी लागते, म्हणून दांडीसाठी मी पहिलं मत बोरेट-सिलिकेटला देईन. त्यात टर्बियम किती मावेल याला मर्यादा आहे. जास्त झालं की थंड होताना स्फटिक धरतात. वायूच्या झोतावर थेंब तरंगत ठेवून, मुशीशिवाय वितळवून ही मर्यादा खूप पुढे ढकलता येते, पण तसे मणी मिलिमीटरच्या मापाचे निघतात. दांडीला ते उपयोगी नाहीत.

टर्बियमने भरलेल्या चांगल्या व्यापारी काचांचा व्हर्डे स्थिरांक ६३२.८ ला उणे ७० च्या आसपास आणि १०६४ ला उणे २० च्या आसपास असतो. एक टेस्लामध्ये ४५ अंशांसाठी ३९ मिलिमीटरची दांडी लागते. गार्नेटचा १०६४ ला उणे ४०, म्हणजे २० मिलिमीटर पुरतात. दुप्पट लांबी हा काचेचा भुर्दंड, आणि तो चुंबकाच्या आकारात मोजावा लागतो.

दुसरा भुर्दंड तापमानाचा. २९३ वरून ३०३ केल्विनला गेलं की टर्बियमची फिरकी ३.३ टक्क्यांनी उतरते, ४५ अंशांतला दीड अंश जातो आणि परतीच्या प्रकाशाची अडवणूक ३२ डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. काचेची उष्णतावाहकता गार्नेटपेक्षा कितीतरी कमी असल्याने किरणाच्या वाटेवरचा गाभा तापतो, कडा थंड राहते, ताण येतो आणि त्याचं द्विअपवर्तन वेगळंच नुकसान करतं. सरासरी शक्ती मोठी असेल तिथे मी काचेचा आग्रह धरणार नाही. प्रस्तुत लेसर कमी सरासरी शक्तीचा असल्याने काच चालते, अट एवढीच की ती तपकिरी नसावी.

शिशाची ती काच टाकून देण्याचं कारण नाही. टर्बियमशिवायची तिची बहीण विद्युतप्रवाह मोजणाऱ्या संवेदकांना हवीच असते, कारण तिची फिरकी तापमानाला दाद देत नाही आणि ताणाने येणारं द्विअपवर्तनही तिच्यात कमी. टर्बियमवाल्या तुकड्यालाही एक गमतीदार गुण आहे. ३०८ केल्विनभोवती तिचा व्हर्डे स्थिरांक एका केल्विनला फक्त ०.०६५ ने बदलतो. दहा केल्विन इकडे-तिकडे झालं तरी तो पाऊणच्या आत राहतो, शुद्ध सिलिकाच्या पाचव्या हिश्श्यातही जात नाही. चुंबकाच्या तोंडाशी न फिरवणारी खिडकी हवी असेल तर लाल प्रकाशासाठी अशी काच मुद्दाम बनवण्याजोगी आहे. सिलिकाच्या खिडक्यांनी आधी घातलेला गोंधळ पाहता ही कल्पना अगदीच टाकाऊ वाटत नाही.

नव्या काचेचा पहिला तुकडा निघाला की क्रम असा: आधी रंग, मग ग्रहणशीलता, मग रिकाम्या क्रायोस्टॅटचं वाचन, आणि शेवटी नमुन्याची २९३ ते ७७ केल्विनमधली निदान चार मापनं. रेषेचा छेद ५ च्या आसपास आला आणि उतार तोललेल्या टर्बियमशी जुळला, तरच १०६४ ची दांडी कापायला घ्यायची.